बिनचवीचा पंच

मला वास येत नाही. नाक आहे, चांगलं ठसठशीत आहे, त्यावर चष्मा नीट बसतो, सर्दी झाली की ते रीतसर वाहतंही. पण वास घेण्याचं मूळ काम त्यानं एका लांबलेल्या तापानंतर सोडून दिलं, आणि जाताना जिभेची चवही सोबत नेली. गरम-गार कळतं. मीठ फारच झालं तर संशय येतो. एवढ्या भांडवलावर मी जेवतो. बायकोनं सुरुवातीला पुष्कळ हळहळ केली आणि मग हळूहळू घरातलं उरलंसुरलं माझ्या ताटाकडे वळवलं. माझी तक्रार नाही. तक्रार करायची तर आधी कळावं लागतं.

अशा माणसाला शहरातल्या कुठल्या भागात चांगली हॉटेलं आहेत याचा निकाल द्यायला बसवायचं, हे फक्त माझ्या सासरच्या लोकांनाच सुचू शकतं.

माझ्या बायकोला दोन भाऊ. थोरले मेहुणे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत आणि वरच्या भागात, टेकडीच्या उतारावर राहतात. धाकट्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि ते खालच्या भागात, नदीकडे राहतात. आईनं कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं फाटलं. इतर घरांत आई कुणी ठेवायची यावरून भांडतात. इथे दोघांनाही ती हवी होती, म्हणून भांडण जास्त चिवट झालं. वर हवा चांगली, खाली दवाखाने चांगले, वर शेजार चांगला, खाली बाजार चांगला, असं महिनोन्महिने चाललं. शेवटी सासूबाई कंटाळल्या, पिशवी भरली आणि लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, येऊन राहिल्या. आम्ही मधल्या भागात राहतो. इथे बस डेपो आहे, गोदामं आहेत आणि ट्रक तोलायचा काटा आहे. इथल्या कुठल्याही गोष्टीच्या मोठेपणावरून आजवर कुणी भांडलेलं नाही. तेव्हापासून दोघेही भाऊ आईला भेटायला न चुकता येतात, पण एकाची चप्पल दारात दिसली की दुसरा जिन्यातूनच परत जातो.

सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला, तेव्हा बायकोनं त्यांना काय हवं ते विचारलं.

"वस्तू नको," त्या म्हणाल्या. "ती दोघं एका टेबलाला जेवायला बसलेली बघायची आहेत. एक माझ्या या बाजूला, एक त्या बाजूला. आणि घरी नको, हॉटेलात. घरी माणूस रागावला की उठून जातो. हॉटेलात ऑर्डर दिलेली असते."

बायकोनं लगेच फोन लावले. थोरले म्हणाले, आईसाठी काहीही करीन, पण जेवायचं वरच. खालच्या हॉटेलांत पदार्थाला नुसता रंग असतो. धाकटे म्हणाले, आईसाठी काहीही करीन, पण जेवायचं खालीच. वरच्या हॉटेलांत लोक जेवायला जातात की खिडकीतून बघायला, हे त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. मग पुन्हा फोन, पुन्हा निरोप. बायको दिवसभर कानाला फोन लावून फिरत होती आणि मला गार जेवण वाढत होती, जे मात्र मला कळत होतं.

शेवटी कधी नव्हे ते दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. कुठल्या भागात चांगलं जेवण मिळतं ते भाऊजींनी ठरवावं. हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. एवढ्या वर्षांत सासरी माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

"माझ्यावर विश्वास आहे म्हणायचा त्यांचा," मी म्हणालो.

"विश्वास कसला," बायको म्हणाली. "दादा म्हणाला, त्यांना चव कळत नाही, तेव्हा ते कुणाची बाजू घेणार नाहीत. धाकट्यानंही तेच सांगितलं. वेगवेगळं विचारलं होतं हं मी."

मी नको म्हणणार होतो. पण सासूबाई पलीकडे बसून शेंगा सोलत होत्या आणि सोलता सोलता थांबल्या होत्या. मी हो म्हणालो.

दोन्हीकडे दुपारचं जायचं ठरलं, म्हणून कचेरीत अर्ध्या दिवसाच्या दोन रजा मागितल्या. आमच्या कचेरीत आजारी पडायला कारण लागत नाही, पण जेवायला जायचं म्हटलं की लागतं. हेडक्लार्कनं अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "खाजगी काम म्हणजे नेमकं काय?"

मी खरं सांगितलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती याच सवयीतून आल्या आहेत. हेडक्लार्क म्हणाले, "खाली जाताय ते ठीक. वर कशाला?" त्यावर टंकलेखिका बाई, ज्या वरच्या भागात राहतात, यंत्रावरून मान न वळवता म्हणाल्या, "ज्यांना हॉटेलात जाऊन घरचंच खायचं असतं ते खाली जातात." मग आवक विभाग जावक विभागाशी बोलू लागला. खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आत डोकं घालून खालच्या भागाची बाजू घेतली. त्यांच्या मागच्यानं त्यांना बाहेर ओढून वरच्या भागाची घेतली. कचेरीचं कामकाज जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद राहिलं आणि सुट्टीत सगळ्यांनी आपापले डबे खाल्ले. अर्ज साहेबांकडे गेला. साहेब खालच्या भागातले. त्यांनी शेरा मारला, "खालच्या भागाकरिता मंजूर. वरच्या भागाकरिता प्रत्यक्ष भेटून चर्चा करावी." चर्चा अर्धा तास चालली. त्यांनी मला खालच्या भागातल्या आपल्या आवडत्या हॉटेलांची नावं सांगितली आणि वरची रजा बिनपगारी केली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त निरीक्षक राहतात. जन्मभर त्यांनी दुकानदारांची वजनं आणि मापं तपासली, म्हणून त्यांना सगळे वजनमापवाले म्हणतात. जगात खोटं काय आणि खरं काय हे तोलून सांगता येतं, असा त्यांचा विश्वास आहे. ते जिन्यात वाट बघतच उभे होते.

"चवीचं मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "चव म्हणजे ज्याचं त्याचं मत. मापाला मत नसतं. वाटीत किती मावतं, ते बघा. दोन्हीकडे एकच माप लावा. कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही." आणि त्यांनी घरातून एक मापाचं भांडं आणून माझ्या हातात दिलं. मी घेतलं. शहाण्या माणसानं तिथंच जिन्यावर ते ठेवून दिलं असतं, पण तोवर मला कुणाशीही वाद घालायची ताकद उरली नव्हती.

पहिली पाळी वरच्या हॉटेलाची. तिथं टेबल आधी राखून मिळत नाही. सगळी माणसं हजर लागतात. थोरल्यांना मात्र रंगीत तालीम करायची होती. आईची खुर्ची कुठे येईल, पायऱ्या किती आहेत, हे सगळं बघण्यासाठी आठ जणांचं खिडकीजवळचं टेबलच हवं होतं. "तुम्ही पुढे होऊन जागा धरा," ते म्हणाले, "मी गाडी लावून येतो."

मी आठ जणांच्या टेबलाशी एकटा बसलो. बाहेर रांग होती, आणि रांगेतले लोक काचेतून माझ्याकडे बघत होते. भुकेल्या माणसाची नजर फार बोलकी असते. एक बाई कडेवरच्या मुलीला बोट दाखवून सांगत होत्या, "तो बघ, एकटाच आहे." मुलीनं माझ्याकडे बघून तोंड वेंगाडलं. मी मापाचं भांडं पिशवीत लपवलं. थोड्या वेळानं मॅनेजर आला.

"बाकीचे?"

"येताहेत."

"कुठवर आलेत?"

"एक जण खाली गाडी लावतोय."

"आणि उरलेले सहा?"

"ते पुढच्या आठवड्यात येतील," मी म्हणालो.

मॅनेजरनं मला उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी, झाडाच्या कुंडीमागे एका लहान टेबलावर बसवलं. थोरले आले ते मला खिडकीपाशी शोधत राहिले. सापडल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी खिडकी हरवली होती. मग भराभर पदार्थ मागवले. प्रत्येक घासाला ते स्वतःचा चमचा हवेत धरून माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

"कसं वाटतंय?"

चव गेल्यापासून अशा प्रसंगांसाठी मी एक वाक्य तयार ठेवलं आहे. त्यात स्तुती नाही, निंदा नाही, आणि ऐकणाऱ्याला हवा तो अर्थ तो स्वतः घालून घेतो. मी डोळे किंचित मिटून म्हणालो, "वेगळीच चव आहे."

थोरले खूश झाले. "मला ठाऊकच होतं," ते म्हणाले.

दोन दिवसांनी खालचं हॉटेल. त्याचा मालक धाकट्यांच्या दुकानाचं गिऱ्हाईक, त्यामुळे इथं टेबलाचा प्रश्न नव्हता. धाकटे दुकान बंद करून येणार होते, मी आधी पोचलो. वाटीत काहीतरी पातळ आणून ठेवलं, आणि मला वजनमापवाल्यांची आठवण झाली. एवढं भांडं वागवलंच आहे तर निदान एकदा वापरावं, म्हणून मी ते बाहेर काढलं, वाटी त्यात ओतली आणि चष्मा सारून रेघ बघू लागलो.

वेटर मागच्या मागे गेला. लगेच मालक आले, हात पुसत. त्यांनी मला साहेब म्हटलं. मी साहेब नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांनी जास्त नम्रपणे साहेब म्हटलं. तपासणीला आलेले खात्याचे लोक ओळख देत नाहीत हे त्यांना माहीत होतं. नको म्हणत असताना मला स्वयंपाकघर दाखवण्यात आलं. आचारी माझ्यासमोर घाईघाईनं डोक्याला फडकं बांधत होता, आणि एक मोठं पातेलं दोघांनी मिळून मागच्या दारानं बाहेर नेलं. मी परत जागेवर बसलो तोवर टेबलावर मागवलेलं नव्हतं तेही आलं होतं. मालक शेजारी उभे राहून माझा घास बघत होते.

"कसं आहे, साहेब?"

"वेगळीच चव आहे," मी म्हणालो.

मालकांचा चेहरा पडला. "वेगळी म्हणजे?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळ्या बशा परत नेल्या. तेवढ्यात धाकटे आले. मालकांच्या कपाळावरचा घाम पुसून, मी कुणी नाही, नुसता मेहुणा आहे, हे समजावण्यात त्यांचा बराच वेळ गेला. पण माझं वाक्य त्यांनी दारातून ऐकलं होतं. "मला ठाऊकच होतं," तेही म्हणाले. जेवण परत आलं नाही. मी त्या दिवशी उपाशी घरी आलो.

खरं तर इथपर्यंत निभावलं होतं. निकाल द्यायला मला आणखी चार दिवस होते आणि चार दिवसांत माणूस आजारी पडू शकतो. पण थोरले आईला भेटायला आले, तेव्हा जिन्यात त्यांना वजनमापवाले भेटले. भांडं परत करताना मी त्यांनाही सगळं खरं सांगून बसलो होतो.

"मापं नीट घेतली नाहीत तुमच्या मेहुण्यांनी," ते म्हणाले. "नुसतंच म्हणतात, वर वेगळीच चव, खाली वेगळीच चव. असा तराजू चालत नाही."

त्यानंतर आमच्या घरातला फोन थांबला नाही. थोरले म्हणाले, भाऊजी दोन्ही डगरींवर हात ठेवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. धाकटे म्हणाले, हॉटेलमालकानं त्यांच्याकडून दिवे घ्यायचं बंद केलं आहे आणि वर हा विश्वासघात. थोरले म्हणाले, वर होणार असेल तरच येईन. धाकटे म्हणाले, वर होणार असेल तर येणार नाही. मग दोघेही म्हणाले, आपण येतच नाही. आईला नंतर एकट्यानं भेटून जाऊ.

सासूबाईंनी ऐकलं. त्यांची एक चांगली शाल आहे, ती त्यांनी वाढदिवसासाठी काढून उन्हाला टाकली होती. त्या गच्चीवर गेल्या, शाल घेऊन आल्या, मांडीवर घडी घातली आणि पुन्हा पेटीत ठेवली. "राहू दे," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. त्या बाईंनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते मी एका वाक्याच्या लबाडीनं घालवलं होतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. थोरले. आपल्यावर झालेला अन्याय त्यांना पहिल्यापासून सांगायचा होता. ते टेकडीवरच्या हवेपर्यंत आले आणि मला एकदम थकल्यासारखं झालं.

"दादा, ऐका," मी म्हणालो. "माझा निकाल ऐकायचाय ना? वरची सगळी आणि खालची सगळी हॉटेलं मिळून आमच्या डेपोसमोरच्या खानावळीच्या पासंगालाही पुरत नाहीत. जेवायचं तर तिथंच."

"कुठली खानावळ? ती, ड्रायव्हर लोक हात धुतात ती?"

"तीच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून राहिलो. चहा गार झाला नव्हता तोवर धाकट्यांचा फोन आला. "भाऊजी, आत्ता दादाचा फोन आला होता," ते म्हणाले. मी ताठ बसलो. या भावानं त्या भावाला फोन केल्याचं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "दादा म्हणतो तुमचं डोकं ठिकाणावर नाही. आणि या एका बाबतीत मला त्याचं पटतं. आम्ही दोघंही येतोय. तिथंच बसू. दोघांनी मिळून तुम्हाला तोंडावर दाखवून देऊ."

बायकोनं आईला सांगितलं. पेटी पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

वाढदिवशी आम्ही खानावळीत गेलो. तिथं एकच लांब टेबल मोकळं होतं, पत्र्याचं, आणि ते डुगडुगत होतं. थोरल्यांनी एक कड उचलून धरली, धाकट्यांनी खाली वाकून कागदाची घडी सरकवली. "अजून," थोरले म्हणाले. "बस, पुरे," धाकटे म्हणाले. मध्ये सासूबाई बसल्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला. मला समोर बसवलं.

"काय काय आहे?" थोरल्यांनी मालकाला विचारलं.

"जेवण," मालक म्हणाला.

"जेवणात काय?"

"आज आहे ते."

भात आला, भाजी आली आणि वाटीतून एक पातळ आलं. थोरल्यांनी चाखलं आणि भावाकडे पाहिलं. धाकट्यांनी चाखलं आणि भावाकडे पाहिलं.

"पाणी," दोघेही एकदम म्हणाले.

"आणि पाणीसुद्धा आमच्या खात्याचं नाही," थोरले म्हणाले. धाकटे हसले. मग त्यांनी भात बोटांनी दाबून भावाला दाखवला. थोरल्यांनी भाजीतून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि ते काय असावं यावर दोघांनी डोकं लावलं. लहानपणी शाळेच्या सहलीला असंच जेवण होतं, असं धाकट्यांना आठवलं. तेव्हा तू रडला होतास, असं थोरल्यांना आठवलं. मी निमूट जेवत होतो. सगळं गरम होतं. सासूबाई सावकाश जेवत होत्या. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. मग भाजी पुन्हा मागून घेतली.

"भाऊजी, खरं सांगा," धाकटे म्हणाले, "हे तुम्हाला आवडलं?"

मला दुसरं वाक्य येत नाही. "वेगळीच चव आहे," मी म्हणालो.

दोघांनीही एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं कपाळाला हात लावला. सासूबाईंनी आधी या बाजूला पाहिलं, मग त्या बाजूला.

"आई, हे काम भाऊजींवर सोपवायलाच नको होतं," थोरले म्हणाले.

"माझंही तेच म्हणणं आहे," धाकटे म्हणाले.

"मग पुढच्या वेळी तुम्ही दोघं बसून ठरवा," सासूबाई म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा भाजी मागवली.

हल्ली दोघे ठरवायला आमच्याकडे येतात, एकाच वेळी. दारात दोघांच्याही चपला असतात. कुठला भाग चांगला ते अजून ठरलेलं नाही. मला यातलं काही कळत नाही, हा ठराव मात्र दर खेपेला एकमतानं मंजूर होतो, आणि मला तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना ऐकू येतो.

त्या दिवशी खानावळीतून परत येताना रस्ता ओलांडायला मी सासूबाईंचा हात धरला होता. बाकीचे पुढे गेले होते, मोठमोठ्यानं बोलत.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "भाजी जळलेली होती बरं का. खाववत नव्हती."

"मग तीनदा कशाला घेतलीत?"

"माझं ताट संपलं असतं तर ती दोघं उठली असती," त्या म्हणाल्या, आणि शाल सावरून पुढे चालू लागल्या.